जर्सीचा हुकूम

कॉलेजात मी परेडला नाव घातलं ते देशासाठी नव्हे, पुरीभाजीसाठी. रविवारी सकाळची परेड संपली की ग्राउंडच्या कडेला लिंबाखाली बसवून प्रत्येकाच्या पत्रावळीवर चार पुऱ्या आणि बटाट्याची भाजी वाढत. आमच्या घरी रविवारी सकाळी रात्रीची भाकर आणि लाल चटणी असे. त्या पुऱ्यांच्या आधी दोन तास काय काय करावं लागतं, हे मला कुणी सांगितलं नव्हतं आणि मीही विचारलं नव्हतं. विचारून खात्री करून घेणं माझ्या स्वभावातच नव्हतं.

ही गोष्ट सत्तरच्या दशकाच्या मधल्या वर्षांतली. जालना तेव्हा औरंगाबाद जिल्ह्यात मोडायचं. आमच्या कॉलेजची छात्रसैनिकांची तुकडी होती, आणि तिला शिकवायला फौजेतला एक हवालदार यायचा. त्याला सगळे उस्ताद म्हणत. तो उत्तरेकडचा, डोंगरातला होता. आमच्या थंडीला तो थंडी मानत नसे. "ये ठंड है? हमारे यहाँ इसको मौसम बोलते हैं," असं म्हणून तो बनियनवर उभा राहायचा आणि आम्हाला दातांवर दात आपटताना बघायचा.

फौजेत थंडी आपोआप पडत नाही, ती कागदावर पडावी लागते, हे मला तिथे कळलं. वरून एक कागद यायचा. त्यात लिहिलेल्या तारखेपासून हिवाळा. त्या तारखेच्या आदल्या दिवशी बर्फ पडला असता तरी शर्टाच्या बाह्या कोपराच्या वर चार बोटं दुमडलेल्याच राहिल्या असत्या. आणि तारीख उजाडली की बाह्या खाली, मनगटाचं बटण बंद, मग दुपारी ऊन कितीही रणरणू दे. एकदा मी भर दुपारी घामानं निथळत बाही वर केली, तर उस्तादनं विचारलं, "गर्मी का ऑर्डर आया क्या?" मी म्हटलं, "नहीं उस्ताद, गर्मी आया." त्या उत्तराबद्दल मी ग्राउंडला पाच चकरा मारल्या, बाह्या खाली ठेवून.

पी.टी.चा नियम त्याहून सोपा होता. पांढरी बिनबाह्यांची बनियन, खाकी हाफपँट, तपकिरी कॅनव्हासचे बूट. उन्हाळ्यात हेच, हिवाळ्यातही हेच. वर जर्सी घालायची तर तसा हुकूम पाहिजे, आणि हुकूम झाला तर सगळ्यांनी घालायची. एकाकडं नसेल तर कुणीच नाही. उस्ताद म्हणायचा, "वर्दी का मतलब? एक ठिठुरेगा, तो सब ठिठुरेंगे." हे तत्त्व मला आजही पटतं. फक्त तो एक मी नसावा एवढंच वाटतं.

आमच्या प्लाटूनचा सार्जंट माझाच वर्गमित्र होता. हसनाबादकडचा. छप्पन साली दीक्षा घेतलेल्या घरातला. आईवडील दोघंही रोजानं शेतात जात, थोरला भाऊ पिंपळगाव रेणुकाईला शाळेत मास्तर. पुरीभाजीसाठी परेडला न आलेला असा तो बहुधा एकटाच. त्याला फौजेत जायचं होतं. फेब्रुवारीत औरंगाबादच्या छावणीत भरती होती, आणि हातात 'बी' सर्टिफिकेट असेल तर भरतीत वजन पडतं, हे त्यानं दोन वर्षं आधी शोधून काढलं होतं. सर्टिफिकेटची परीक्षा डिसेंबरच्या शिबिरात शेवटच्या दिवशी व्हायची. त्याची दोन वर्षं त्या एका दिवसाकडं बघत चालली होती.

त्याच्या बाहीवर तीन फिती होत्या. त्या त्याला तशाच मिळाल्या नव्हत्या. त्याचा आवाज ग्राउंडच्या या टोकाहून त्या टोकापर्यंत जायचा, आणि तो "दाहिने मुड़" म्हणाला की आमच्या तालुक्यांतल्या पाटला-देशमुखांची पोरं मुकाट उजवीकडं वळायची. त्यांतली काही वळताना तोंड वाकडं करायची, ते त्याला दिसायचं. तो फक्त त्यांना परत एकदा वळवायचा.

माझं आणि त्याचं जमायचं. का जमायचं हे मला नीट सांगता येत नाही. मी उजवं म्हटलं की डावीकडं जाणारा. तो मला म्हणायचा, "अबे, तू लष्करात गेला तर दुश्मनाला मेहनतच न्हाई."

शिबिर मंठ्याच्या रस्त्याला, गाव संपल्यावर लागणाऱ्या माळावर होतं. दहा दिवस. तिथे आडोसा म्हणून काही नव्हतं. वारा थेट यायचा आणि तंबूच्या एका बाजूनं शिरून, आमची चौकशी करून, दुसऱ्या बाजूनं निघून जायचा. पहाटे बादलीतल्या पाण्याला हात लावला की चटका बसावा तसं व्हायचं.

आईनं माझ्यासाठी मरून रंगाचा एक स्वेटर विणला होता. विणायला घेतला तेव्हा मी दहावीत होतो. पुरा झाला तेव्हा कॉलेजात. त्यामुळे तो अंगाला घट्ट आणि हातांना तोकडा होता. पहिल्याच दिवशी मी तो खाकी शर्टाच्या आत घातला. संध्याकाळच्या हजेरीला उस्ताद रांगेतून बघत बघत आला आणि माझ्यापुढं थांबला. माझी छाती एका दिवसात चांगली दोन इंच वाढली होती. त्यानं माझ्या कॉलरमधून डोकावणारा मरून काठ दोन बोटांनी धरला.

"ये क्या है?"

"आईचा... माँ का है, उस्ताद."

"माँ भी भरती हुई है?"

सगळी रांग हसली. हसल्याबद्दल सगळ्या रांगेला बैठका मिळाल्या, आणि बैठका मिळाल्याबद्दल रांगेनं मला काय काय दिलं ते इथं लिहिण्यासारखं नाही. "इसको घर भेज दो," उस्ताद म्हणाला. मी "हाँ उस्ताद" म्हटलं आणि स्वेटर ट्रंकेच्या तळाशी ठेवला. घरी धाडायला कुणी भेटलं नाही, असं मी स्वतःला सांगितलं.

शिबिराच्या सहाव्या दिवशी स्टोअरमध्ये जर्सींचं एक गाठोडं आलं. खाकी, लोकरीच्या, खांद्याला कापडाची पट्टी लावलेल्या. पहिला मान आमच्या प्लाटूनचा. दिवसभर आम्ही त्या जर्सी छातीशी धरून हिंडत होतो. त्यांना डांबराच्या गोळ्यांचा वास येत होता आणि तो आम्हाला अत्तरासारखा वाटत होता. संध्याकाळच्या हजेरीला उस्तादनं हुकूम सांगितला, "कल सुबह पी.टी., जर्सी में." आमच्या रांगेतून एक असा आवाज निघाला, की उस्तादलाही हसू दाबावं लागलं.

हजेरी सुटली. मी पत्र्याचा मग घेऊन लंगराकडं, म्हणजे शिबिराच्या स्वयंपाकाकडं, चहाला गेलो. चहा घेऊन परत येत होतो तर उस्ताद ऑफिसच्या तंबूतून बाहेर आला आणि लांबूनच मला ओरडून म्हणाला,

"ए! अपने सार्जंट को बोल, जर्सी का हुकुम, जैसे थे! समझा?"

"समझा, उस्ताद!"

आता हे 'जैसे थे' नीट समजून घ्यायला पाहिजे, कारण मी तेच केलं नाही. परेडवर चुकीचं वळलं, चुकीचा हुकूम तोंडातून गेला, की उस्ताद ओरडायचा "जैसे थे!" आणि आम्ही आधी होतो तसे परत व्हायचो. म्हणजे दिलेला हुकूम मागं. हे मी दोन वर्षांत निदान हजार वेळा केलं होतं. माझ्या चुकांमुळेच बऱ्याचदा. पण माझे वडील कोर्टात कारकून. आमच्या घरी जेवताना 'जैसे थे'चा अर्थ निराळा. अमक्याच्या बांधावर कोर्टानं 'जैसे थे'चा हुकूम दिला, म्हणजे जे आहे ते तसंच राहू द्यायचं. कुणी हात लावायचा नाही. लहानपणापासून तोच शब्द वरणासोबत पोटात गेलेला.

तंबूत पोचेपर्यंत माझ्या डोक्यात दोन्ही अर्थ होते. मग वाऱ्याचा एक झोत आला आणि त्यांतला एकच उरला.

सार्जंट कंदिलापाशी बसून बूट घासत होता. मी निरोप सांगितला. त्यानं मान वर केली.

"जैसे थे? म्हंजे न्हाई घालायची?"

"अरे असं कसं? जैसे थे म्हणजे हुकूम आहे तसा. त्यात बदल नाही. कायम."

"पण ग्राउंडवर तर जैसे थे म्हटलं की मागं फिरतो आपण."

"ती ड्रिल. हा लेखी हुकमासारखा हुकूम आहे. वरच्या ऑफिसातून आलेला. अशा ठिकाणी जैसे थेचा अर्थ कायद्याचा धरतात. आमच्या घरी रोज ऐकतो मी."

"बराबर सांगून राह्यलास ना?"

"बिलकुल."

त्यानं बूट खाली ठेवला. "मी जाऊन इचारून येतो," म्हणाला आणि उठलाही. तेवढ्यात तंबूतली बाकीची सगळी कालवा करायला लागली. "अरे बस ना! इचारायला गेला अन् उस्तादचं डोकं फिरलं तर? हातात आलेली जर्सी जाईल." "वकिलाच्या घरचं पोरगं आहे ते, त्याला कळत नसंल का?" माझे वडील वकील नव्हते, पण मी ती दुरुस्ती केली नाही. सार्जंट परत बसला. "मंग सकाळी जर्सीतच फॉलिन," तो म्हणाला. त्याचा हा हुकूम झाला, आणि तंबूतल्या बत्तीस जणांनी तो पाळायचं ठरवलं. असा एकमुखानं पाळलेला हुकूम मी नंतर कधी पाहिला नाही.

पहाटे उठलो तर गार म्हणजे इतकं गार, की नुसती जर्सी पुरेल असं वाटेना. एवीतेवी वर जर्सी येणारच होती. तिच्या आत काय आहे हे कोण बघणार? मी ट्रंक उघडली.

सार्जंटनं प्लाटून दौडत ग्राउंडवर नेली. धुकं होतं. धुक्यातून हळूहळू बाकीच्या तीन प्लाटून दिसायला लागल्या, आणि त्या पांढऱ्या होत्या. एकूण एक बनियनवर. पांढऱ्या बनियनी, लाल झालेले दंड, आणि त्यांच्या शेजारी आमची खाकी, उबदार, गुबगुबीत रांग. माझ्या शेजारच्यानं ओठ न हलवता विचारलं, "वकीलसाहेब, ह्यांच्यात जैसे थे आला न्हाई का बे?"

त्याच सकाळी कमांडिंग साहेब पी.टी. बघायला आले होते. कर्नल. उंच, बारीक, आणि स्वतः बनियनवर. त्यांच्यामागं उस्ताद. कर्नल चालत आले, आमच्यापुढं थांबले. मग म्हणाले, "ये कौन सी फौज है?"

उस्तादचा चेहरा बघवत नव्हता. "साब, मैंने शाम को जैसे थे बोल दिया था."

"सार्जंट! मेसेज मिला था?"

सार्जंट एक पाऊल पुढं आला. "मिला था, श्रीमान."

"फिर जर्सी का हुकुम किसका?"

"मेरा, श्रीमान."

त्यानं माझ्याकडं पाहिलंसुद्धा नाही. तो पाहील अशी माझी अपेक्षा होती. मग मला पुढं यायला सोपं गेलं असतं. त्यानं पाहिलं नाही म्हणून मी उभाच राहिलो. बोलायला संधी नव्हती असं मी नंतर पुष्कळ दिवस म्हणत होतो. संधी होती. एक नव्हे, दोन होत्या. दुसरी अशी, की उस्तादनं मला ओळखलं होतं. तो माझ्यावर डोळे रोखून उभा होता आणि वाट बघत होता. मी समोरच्या धुक्याकडं बघत राहिलो. मैदानावर त्या घडीला मी एकटाच पुरता उबदार होतो.

"प्लाटून, जर्सी उतार!" उस्ताद गरजला.

बत्तीस जर्सी एकदम निघाल्या. एकतीस बनियनी दिसल्या. बत्तिसाव्या जागी मरून स्वेटर दिसला.

कर्नल चालत माझ्यापुढं आले. "इसको भी उतारो."

घट्ट होता. डोकं अडकलं. दोघांनी ओढला तेव्हा निघाला. आत मी फ्लॅनेलचा पट्ट्यापट्ट्यांचा झोपायचा शर्ट घातला होता, बटणं गळ्यापर्यंत लावून. कर्नलनी भुवया उचलल्या.

"इसको भी."

शर्टाखाली अखेर बनियन निघाली.

"ये जवान है कि प्याज?" कर्नल म्हणाले, आणि अख्खं ग्राउंड, चारही प्लाटून, लंगरावरचे दोन आचारीसुद्धा, खो खो हसले. कर्नलही हसले. मला क्षणभर वाटलं की चला, हसण्यावारी गेलं, सुटलो. मी सुटलोच होतो. कर्नल वळले आणि त्याच आवाजात उस्तादला म्हणाले, "सार्जंट की फीती उतारो. एग्ज़ाम की लिस्ट से नाम काटो. जो हुकुम सुन नहीं सकता, वो हुकुम देगा कैसे?"

मग पी.टी. झाली. कर्नल म्हणाले होते की या प्लाटूनला गरमी जास्त आवडते, म्हणून आम्हाला गरम ठेवण्यात आलं. त्याला फौजेत रगडा म्हणतात. कोलांट्या, बेडूकउड्या, माळाच्या टोकापर्यंत दौड. पोरं धावताना माझ्या मागून ओरडत होती, "वकीलसाहेब, अपील करा!" "प्याजाला पाणी द्या रे!" सार्जंट रांगेच्या पुढं धावत होता, आणि तो एकदाही मागं वळला नाही.

नाश्त्यानंतर तंबूत आलो तर तो खाटेवर बसून फिती उसवत होता. ब्लेडच्या कोपऱ्यानं एकेक टाका तोडायचा आणि दोऱ्याचा तुकडा बोटानं ओढून काढायचा. कापडाला धक्का लागू द्यायचा नाही. फिती निघाल्या तिथे बाहीचा रंग जरा गडद होता, तेवढाच आकार उरला.

मी म्हटलं, "मी जाऊन सांगतो. चूक माझी आहे."

"साहेबानं इचारलं, हुकूम कुणाचा. हुकूम माझाच होता."

"पण निरोप मी—"

"निरोप तुझा. पण मी इचारायला उठल्तो अन् पुन्हा बसलो. ते बसणं कुणाचं?" त्यानं ब्लेड पुसून कागदात गुंडाळलं. "सांगायचं असंल तर सांग. पण तिथं जाऊन पुन्हा कायदा सांगू नको. तुझा कायदा मी ऐकलाय."

"नाव काटलं म्हणजे पुढच्या वर्षी तरी—"

"पुढच्या वर्षी माझं वय बसत न्हाई भरतीला." हे तो असं बोलला, की जणू बाजारात कशाचा तरी भाव सांगतोय. मी त्याच्या वयाचा कधी विचारच केला नव्हता. तो शाळेतच दोन वर्षं मागं पडला होता, रोजावर जाण्यापायी.

मी उस्तादकडं गेलो आणि साहेबांना भेटायचंय म्हटलं. "अब?" एवढंच तो म्हणाला. मग म्हणाला, "टोपी उतार. बेल्ट उतार." मला वाटलं, साहेबांच्या तंबूत आदरानं जायची ती रीत असेल, आपणही देवळात चपला काढतोच. मी खुशीत टोपी काढली. नंतर कळलं, टोपी-पट्टा आरोपीचा काढतात. उस्तादनं मला "बाएं-दाएं, बाएं-दाएं" करत इतक्या जोरात आत नेलं, की मी थेट टेबलावर आदळता आदळता राहिलो.

कर्नलनी मला ओळखलं. "अच्छा, प्याज. बोलो."

इथवर येताना मी भाषण तयार केलं होतं. मित्रानं कायदा सांगू नको म्हटलं होतं, तरी मी दुसरं काय सांगणार? "सर, गलती सार्जंट का नहीं. मेसेज मैंने दिया. हमारे में जैसे थे का मतलब अलग होता है सर. कोर्ट में जैसे थे बोले तो, जैसा है वैसाच रखने का."

कर्नलनी उस्तादकडं पाहिलं. उस्ताद म्हणाला, "साब, इनके यहाँ कचहरी में ऐसा बोलते हैं. सच है." मला हुरूप आला. मी आणखी थोडं कोर्ट सांगणार होतो.

"कितने साल से परेड कर रहे हो?"

"दो साल, सर."

"परेड में उस्ताद जैसे थे बोलता है, तो क्या करते हो?"

"पीछे... पहले जैसा हो जाता है, सर."

"आज तक कभी गलत समझा?"

"नहीं, सर."

"तो कल क्यों समझा?"

तंबूत शेगडी नव्हती. साहेबांच्या तंबूत शेगडी असते असं आम्ही सगळे धरून चाललो होतो. टेबलावरचा कागद वाऱ्यानं हलत होता आणि त्यावर दगड ठेवला होता.

"ठंड थी, सर," मी म्हटलं. "मालूम था, सर. ठंड बहुत थी."

कर्नलनी दगड बाजूला केला, कागद ओढला. ती परीक्षेची यादी होती. एका नावावर शाईची रेघ होती.

"एक नाम कटा हुआ है, ये मैं ऊपर बता चुका हूँ. कौन सा नाम, ये नहीं बताया." त्यांनी पेन उघडलं. "तुम्हारा काट दूँ?"

मला सर्टिफिकेटाचा काडीचा उपयोग नव्हता. मी फौजेत जाणार नव्हतो. मी कुठंच जाणार नव्हतो. तरीही उत्तर द्यायला मला वेळ लागला, हे नोंदवून ठेवतो. दोन वर्षं पुऱ्या खाऊन का होईना, आपलं नाव एखाद्या यादीत आहे याची सवय झालेली असते.

"काटिए, सर."

"फीती नहीं मिलेगी उसको," कर्नल लिहिता लिहिता म्हणाले. "पूछने के लिए उसके पास पूरी शाम थी. जाओ."

उस्तादनं मला मागं वळवलं, बाहेर काढलं आणि टोपी हातात दिली. "वो स्वेटर," तो म्हणाला, "आज घर जाएगा." त्या दिवशी खरंच दूधवाल्याच्या सायकलवर स्वेटर गावात गेला.

तंबूत जाऊन मी मित्राला सांगितलं, की तुझं नाव परत घेतलं. "अन् फिती?" त्यानं विचारलं. "नाही." त्यानं मान हलवली. म्हणाला, "ठीकय. परीक्षा बाहीची न्हाई, आवाजाची हाये." आणि पुस्तकात डोकं घातलं. माझ्या नावाचं काय झालं हे त्यानं विचारलं नाही, मीही सांगितलं नाही. ते त्याला उस्तादकडून कळलं असणार, कारण दुसऱ्या दिवशी चहाच्या वेळी त्यानं माझा मग भरून आणून माझ्या खाटेखाली ठेवला. असं तो कधी करत नसे.

परीक्षा दहाव्या दिवशी सकाळी झाली. औरंगाबादहून एक मेजर परीक्षक म्हणून आले होते. तोपर्यंत जर्सींची उरलेली गाठोडीही येऊन पडली होती, त्यामुळे सगळं शिबिर कागदोपत्री आणि खरोखर, दोन्हीकडं उबदार होतं. ड्रिलच्या परीक्षेत एकेकानं पुढं येऊन नऊ जणांच्या तुकडीला हुकूम द्यायचे. तुकडी चुकली तर गुण हुकूम देणाऱ्याचे जातात. तुकडीत उभं राहायला माणसं लागत होती, आणि ज्यांची परीक्षा नव्हती असे आम्ही थोडेच होतो. उस्ताद म्हणाला, आपली तुकडी आपण निवडा.

माझा मित्र पुढं आला. बाहीवर काही नाही. त्यानं आठ जण पटापट निवडले, आणि मग माझ्याकडं बोट केलं. "तू. मधी उभा राहा. दुसऱ्या रांगेत, मधोमध."

सगळ्यांसमोर, मेजरसमोर, त्यानं मला निवडलं होतं, आणि तेही मधली जागा देऊन. मी ठरवलं, आज काहीही झालं तरी चुकायचं नाही. आणि चुकलो नाही. आयुष्यात पहिल्यांदा मी कुणाचं बोलणं शेवटच्या अक्षरापर्यंत ऐकून मग हललो. त्याचा आवाज माळावर जात होता, आणि आम्ही नऊ जण एका टाचेवर वळत होतो. मेजरनी वहीत काही लिहिलं आणि "शाबाश" म्हटलं.

त्याला सर्टिफिकेट मिळालं. फेब्रुवारीत तो छावणीत उभा राहिला, धावला, निवडला गेला. जायच्या आदल्या दिवशी तो निरोप घ्यायला माझ्या घरी आला. आईनं त्याला चहा दिला आणि त्याच्यासमोर माझं कौतुक सुरू केलं, की शिबिरातून आल्या आल्या ह्यानं सांगितल्तं, परीक्षेत ह्याला मुद्दाम मधली जागा दिल्ती म्हणून. मी मान खाली घालून ऐकत होतो. तसं मला ते ऐकायला आवडत होतं.

तो हसला. बशी खाली ठेवली.

"व्हय मावशी, मीच दिल्ती," तो म्हणाला. "कडेच्याची चूक लांबूनबी दिसते. मधल्याची दिसत न्हाई, झाकून जाते. अन् दोन्हीकडच्यांना मी सांगून ठेवल्तं, ह्याचा पाय इकडंतिकडं झाला की कोपरानं सरळ करा."